शून्य रोधाचे संशोधक : हाइके कामरलिंग ओनेस

विद्यार्थी मित्रांनो, गावाबाहेर किंवा शेताच्या बांधाला उभी असलेली डीपी तुम्ही सगळ्यांनीच पाहिली असेल. पुस्तकात तिला रोहित्र म्हणतात, बोलताना आपण ट्रान्सफॉर्मर म्हणतो. तिच्या टाकीत तेल भरलेले असते आणि बाहेरून नळ्या किंवा पंखे काढलेले असतात. हे सगळे कशासाठी? तर आतली उष्णता बाहेर टाकण्यासाठी. आत तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तारेच्या गुंडाळ्या असतात. तारेला रोध असतो, म्हणून वीज वाहताना तार तापते. ही उष्णता म्हणजे वाटेत वाया गेलेली वीज. विद्युतधारा दुप्पट झाली तर ही उष्णता चौपट होते, हे आपण दहावीत शिकतोच.

आता एक प्रश्न. तारेचा रोधच नाहीसा झाला तर? १९११ साली नेदरलँड्समधल्या एका प्रयोगशाळेत हे खरोखर घडले. ज्यांच्या प्रयोगशाळेत ते घडले, त्या शास्त्रज्ञाचा जीवनपरिचय आज करून घेऊ. आणि रोध शून्य झाला म्हणजे वीज वाया जाणे पूर्ण थांबले का, हेही शेवटी पाहू.

थोडक्यात परिचय

नाव : हाइके कामरलिंग ओनेस
जन्म : २१ सप्टेंबर १८५३, ग्रोनिंगेन, नेदरलँड्स
कार्यक्षेत्र : अतिशीत तापमानाचे भौतिकशास्त्र
मुख्य कार्य : हेलियम वायूचे द्रवीकरण (१९०८), अतिवाहकतेचा शोध (१९११)
सन्मान : भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक (१९१३)
मृत्यू : २१ फेब्रुवारी १९२६, लायडन

बालपण आणि शिक्षण

हाइके यांच्या वडिलांचा विटा-कौलांचा कारखाना होता. भट्टी, माती, यंत्रे आणि कामगार हे सगळे त्यांनी लहानपणापासून जवळून पाहिले. घरात कष्टाला मान होता. त्यांचा धाकटा भाऊ मेन्सो पुढे चित्रकार झाला. हाइके मात्र विज्ञानाकडे वळले.

१८७० मध्ये ते ग्रोनिंगेन विद्यापीठात दाखल झाले. दुसऱ्याच वर्षी युट्रेख्ट विद्यापीठाने ठेवलेल्या एका स्पर्धेत त्यांच्या निबंधाला सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर ते जर्मनीतील हायडेलबर्ग येथे गेले. तिथे त्यांना दोन मोठे गुरू भेटले. एक बुन्सेन. हो, आपल्या प्रयोगशाळेतल्या बुन्सेन बर्नरमुळे माहीत असलेलेच. आणि दुसरे किर्खोफ, ज्यांचे विद्युत परिपथाचे नियम तुम्ही पुढे अकरावी-बारावीत शिकाल.

मायदेशी परतल्यावर १८७९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. विषय होता पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याचे नवे पुरावे. लंबक कसा झुलतो आणि त्याची दिशा हळूहळू कशी बदलते, याची अतिशय बारकाईने केलेली मोजमापे त्यात होती. बारीक मोजण्याची ही सवय त्यांना आयुष्यभर उपयोगी पडली.

लायडनची प्रयोगशाळा

१८८२ मध्ये, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी, ओनेस लायडन विद्यापीठात प्रायोगिक भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. निसर्गाविषयी नुसते तर्क लढवून भागत नाही, मोजमाप हाच ज्ञानाकडे नेणारा रस्ता आहे, ही भूमिका त्यांनी पहिल्याच व्याख्यानात मांडली. तेच त्यांच्या प्रयोगशाळेचे ब्रीद झाले.

त्या काळी नेदरलँड्समध्येच व्हॅन डर वाल्स नावाचे शास्त्रज्ञ वायू आणि द्रव यांच्याविषयी नवे सिद्धांत मांडत होते. ते खरे की खोटे हे तपासायचे तर वायू खूप थंड करून पाहायला हवेत. ओनेस यांनी हे काम अंगावर घेतले. त्यासाठी त्यांनी उतरंडीसारखी योजना केली. आधी एक वायू दाबाखाली थंड करून द्रव करायचा, त्या द्रवाच्या थंडाव्याने दुसरा वायू द्रव करायचा, दुसऱ्याने तिसरा. अशा पायऱ्या उतरत १८९० च्या दशकात ते द्रवरूप ऑक्सिजन आणि द्रवरूप हवेपर्यंत पोहोचले.

आणि इथे एक अनपेक्षित अडथळा आला. १८०७ साली लायडनमध्ये दारूगोळा भरलेल्या जहाजाचा भीषण स्फोट झाला होता आणि शहराचा एक भाग उद्ध्वस्त झाला होता. ओनेस यांची प्रयोगशाळा नेमकी त्याच भागात उभी होती! तिथे दाबाखालचे वायू साठवले जातात हे कळल्यावर १८९५ मध्ये नगरपालिकेला काळजी वाटू लागली. चौकशी, समित्या, परवाने यांत सुमारे तीन वर्षे गेली आणि शीत प्रयोग अडले. त्याच सुमारास, १८९८ मध्ये, लंडनच्या जेम्स ड्यूअर यांनी हायड्रोजन द्रव करून दाखवला. शर्यतीत ओनेस मागे पडले.

पण या काळात ओनेस हातावर हात ठेवून बसले नाहीत. चांगले संशोधन एकट्या प्राध्यापकाच्या डोक्यातून होत नाही, त्याला कुशल हात लागतात, हे त्यांनी ओळखले होते. १९०१ मध्ये त्यांनी उपकरणे बनवणारे आणि काचेचे फुंककाम करणारे कारागीर तयार करण्यासाठी संस्था स्थापन केली. तिथली शिकाऊ मुले निळे डगले घालत, म्हणून त्यांना निळी पोरे असे नाव पडले. उपकरणे घडवणारे फ्लिम आणि काचकाम करणारे केसेलरिंग हे तर त्या प्रयोगशाळेचे आधारस्तंभच होते. ड्यूअर उत्तम प्रयोगकर्ते होते, पण एवढी शिकवलेली कारागिरांची फळी त्यांच्याकडे नव्हती. पुढचा फरक इथेच पडला.

१० जुलै १९०८ : हेलियम द्रव झाला

आता एकच वायू उरला होता, हेलियम. या वायूच्या कथेत आपल्या देशाचेही नाव येते बरं का. १८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. ते पाहायला फ्रान्सचे यान्सन गुंटूरला आले होते. त्या ग्रहणात निरीक्षकांना सूर्याच्या वर्णपटात एक पिवळी रेषा दिसली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लॉकयर यांनी तिचा अभ्यास केला. पुढे ती एका नव्या मूलद्रव्याची आहे असे ठरले आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटले गेले. पृथ्वीवर तो १८९५ मध्ये रॅमसे यांना एका खनिजात सापडला.

हा वायू मिळवणे फार अवघड होते. ओनेस यांच्या भावाने व्यापारी ओळखीतून मोनाझाइट वाळू मिळवून दिली. ती तापवून, शुद्ध करून थोडा थोडा हेलियम जमवला. १९०६ मध्ये हायड्रोजन भरपूर प्रमाणात द्रव करण्याची सोय झाली होतीच.

मग तो दिवस उजाडला. आदल्या दिवशी ७५ लिटर द्रवरूप हवा तयार ठेवली होती. पहाटे पावणेसहाला काम सुरू झाले. दुपारी दीडपर्यंत २० लिटर द्रवरूप हायड्रोजन तयार झाला. सायंकाळी हेलियम यंत्रात फिरू लागला. तापमापकाचा आकडा उतरता उतरता एका जागी थांबला, पण द्रव काही दिसेना. तेवढ्यात भेटीला आलेल्या श्रायनेमाकर्स या प्राध्यापकांनी भांड्यावर खालून उजेड टाकून बघायला सुचवले. तसे करताच द्रवाचा पृष्ठभाग स्पष्ट दिसला. भांडे जवळजवळ भरलेले होते! सुमारे ६० घनसेंटीमीटर द्रवरूप हेलियम. त्याचे तापमान सुमारे ४.२ केल्विन, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअस. त्या दिवशी लायडन हे पृथ्वीवरचे सर्वांत थंड ठिकाण होते.

१९११ : पाऱ्याचा रोध नाहीसा होतो

एवढी थंडी हातात आल्यावर ओनेस यांनी एक जुना वाद तपासायला घेतला. धातू खूप थंड केला तर त्याच्या रोधाचे काय होईल? काहींना वाटे, रोध कमी होत होत एका किमतीवर थांबेल. लॉर्ड केल्विन यांचा अंदाज होता की इलेक्ट्रॉन गोठून जागीच बसतील आणि रोध उलट वाढेल. ओनेस यांनी प्लॅटिनम आणि सोने तपासले. त्यांचा रोध थोडा शिल्लक राहत होता आणि धातू जितका शुद्ध तितका तो कमी होता. मग त्यांनी पारा निवडला. कारण सोपे आहे. पारा ऊर्ध्वपातन करून पुन्हा पुन्हा शुद्ध करता येतो.

८ एप्रिल १९११ रोजी काचेच्या बारीक नळ्यांतला गोठलेला पारा द्रवरूप हेलियममध्ये ठेवला. फ्लिम यंत्र सांभाळत होते, डॉर्समन तापमानाकडे पाहत होते आणि खिल्स होल्स्ट रोध मोजत होते. थोड्या वेळाने रोध मोजण्याच्या पलीकडे गेला. ओनेस यांनी वहीत पाऱ्याचा रोध जवळपास शून्य झाल्याची नोंद केली. पुढच्या महिन्यांत पुन्हा मोजल्यावर आणखी आश्चर्य दिसले. रोध हळूहळू कमी होत नव्हता, तर ४.२ केल्विनच्या आसपास एकदम कोसळत होता. हीच अतिवाहकता.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्रत्यक्ष रोध मोजणारे होल्स्ट होते, पण निबंधावर नाव एकट्या ओनेस यांचे होते. त्या काळी प्रयोगशाळेच्या प्रमुखाच्या नावाने निबंध प्रसिद्ध करण्याची रीत होती. तरीही होल्स्ट, फ्लिम, डॉर्समन ही नावे आपण लक्षात ठेवायला हवीत.

१९१२ च्या अखेरीस कथिल आणि शिसे हेही अतिवाहक असल्याचे आढळले. गोठलेल्या पाऱ्याची तार काढणे कठीण, पण शिशाची तार काढता येते आणि गुंडाळताही येते. झाले! ओनेस यांच्या मनात मोठे स्वप्न उभे राहिले.

गुंडाळीचे स्वप्न आणि त्याला लागलेली मर्यादा

तारेची गुंडाळी करून वीज सोडली की चुंबक तयार होतो. पण तांब्याच्या गुंडाळीतून फार मोठी धारा सोडली तर ती इतकी तापते की थंड करणेच अशक्य होऊन बसते. शिशाच्या गुंडाळीत रोधच नाही, म्हणजे उष्णताही नाही. मग कितीही शक्तिशाली चुंबक करता येईल! १ लाख गाउस, म्हणजे १० टेस्ला क्षेत्राचा चुंबक करण्याचा विचार त्यांनी १९१३ मध्ये शिकागो येथील शीतकरण परिषदेत मांडला. त्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले.

पण प्रत्यक्ष गुंडाळी केल्यावर वेगळेच घडले. धारा एका मर्यादेपर्यंत वाढवली तोवर सगळे ठीक. त्यापुढे गेली की रोध परत येई. आधी तारेतच काही दोष असेल असे वाटले. १९१४ मध्ये त्यांनी बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावून मोजले, तेव्हा खरे कारण कळले. चुंबकीय क्षेत्र ठराविक किमतीपुढे गेले की अतिवाहकता नष्ट होते. द्रवरूप हेलियममधल्या शिशासाठी ही मर्यादा सुमारे ६०० गाउस निघाली. हवे होते १ लाख आणि हाती आले ६००! गुंडाळी जो चुंबक निर्माण करणार, तोच गुंडाळीचा शत्रू ठरत होता.

मित्रांनो, स्वप्न मोडणारे हे मोजमाप ओनेस यांनी स्वतःच केले आणि स्वतःच प्रसिद्ध केले. त्यांच्या आयुष्यातला हा प्रसंग मला नोबेल पारितोषिकाइतकाच मोठा वाटतो.

त्याच वर्षी त्यांनी आणखी एक सुंदर प्रयोग केला. शिशाच्या गुंडाळीची दोन्ही टोके जोडून तिच्यात धारा निर्माण केली. ना बॅटरी, ना जनित्र. बाहेर ठेवलेली चुंबकसूची वळलेलीच राहिली आणि काही तासांतही धारेत जवळजवळ घट दिसली नाही. तार कापली, तेव्हा धारा थांबली. म्हणजे एकाच दिशेने शांतपणे वाहणाऱ्या धारेसाठी रोध खरोखर शून्य होता.

पुढे ओनेस निवृत्त झाले. प्रकृती पहिल्यापासून नाजूक, श्वसनाचा त्रास जुना, तरी काम सुटले नव्हते. २१ फेब्रुवारी १९२६ रोजी लायडन येथे त्यांचे निधन झाले. हेलियम गोठवून घन करणे त्यांना जमले नव्हते. त्याच वर्षी त्यांचे शिष्य केसोम यांनी ते करून दाखवले.

शून्य रोध म्हणजे शून्य तोटा का?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. पुढे असे अतिवाहक मिळाले की जे मोठे चुंबकीय क्षेत्र सहन करतात. १९६१ मध्ये नायोबियम आणि कथिल यांच्या संयुगाने ८.८ टेस्लापर्यंत अतिवाहकता टिकवली आणि ओनेस यांचे स्वप्न आवाक्यात आले. आज बहुतेक रुग्णालयांतल्या एमआरआय यंत्रात अतिवाहक गुंडाळीच असते.

पण एमआरआयच्या चुंबकात धारा एकाच दिशेने वाहते. ट्रान्सफॉर्मर तर प्रत्यावर्ती धारेवर चालतो. आपल्याकडे ती सेकंदाला १०० वेळा दिशा बदलते आणि तिच्याबरोबर चुंबकीय क्षेत्रही उलटसुलट होते. मोठे क्षेत्र सहन करणाऱ्या अतिवाहकात हे क्षेत्र बारीक दोऱ्यांसारखे आत शिरते आणि पदार्थातल्या खुंट्यांना अडकून बसते. दर वेळी ते ओढून बाहेर काढावे लागते, पुन्हा उलट आत घालावे लागते. या ओढाताणीत ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. रोध शून्य, पण तोटा शून्य नाही!

ही उष्णता थोडी असली तरी महाग पडते. कशी ते पाहा. खोलीचे तापमान ३०० केल्विन धरा. ४.२ केल्विनवर निर्माण झालेली १ वॅट उष्णता बाहेर काढायला आदर्श यंत्रालासुद्धा (३०० − ४.२) ÷ ४.२, म्हणजे सुमारे ७० वॅट लागतात. खऱ्या यंत्राला शेकडो वॅट लागतात. मग ट्रान्सफॉर्मरमध्ये वाचवलेली वीज शीतयंत्रच खाऊन टाकणार.

१९८६-८७ मध्ये उच्च तापमानाचे अतिवाहक सापडले आणि द्रवरूप नायट्रोजनचे ७७ केल्विन तापमान पुरेसे झाले. तिथे आदर्श हिशोब १ वॅटला सुमारे ३ वॅट असा येतो, प्रत्यक्षात सुमारे १५ ते २० वॅट. १९९७ मध्ये जिनिव्हा शहराच्या वीजजाळ्याला अशा गुंडाळ्यांचा ६३० किलोव्होल्ट-अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर जोडून पाहिला गेला. म्हणजे गोष्ट शक्य आहे. पण किफायतशीर होण्यासाठी गुंडाळीतला उरलेला तोटा कमी करावाच लागतो. त्यासाठी अभियंते मुख्यतः तीन उपाय करतात.

१. बारीक धागे आणि पीळ : जाड अतिवाहकात क्षेत्राची ओढाताण जास्त होते. म्हणून एका तारेत अनेक बारीक धागे घालतात. पण धागे नुसते शेजारी ठेवले तर बदलत्या क्षेत्रामुळे एका धाग्यातून दुसऱ्यात आडवी धारा फिरते आणि सगळे मिळून पुन्हा जाड तारेसारखे वागतात. म्हणून काथ्याच्या दोरीला देतात तसा धाग्यांना पीळ देतात.

२. पट्ट्यांची वेणी : उच्च तापमानाचे बरेच अतिवाहक चपट्या पट्टीच्या रूपात मिळतात. अशा पट्ट्या नागमोडी कापून वेणीसारख्या एकमेकींत गुंफतात. प्रत्येक पट्टी आळीपाळीने आत-बाहेर येते, त्यामुळे धारा सगळ्यांत सारखी वाटली जाते. ही युक्ती लुडविग रोबेल यांनी १९१२ मध्ये जनित्रातल्या तांब्याच्या पट्ट्यांसाठी काढली होती. शंभर वर्षांनी ती अतिवाहकाच्या कामी आली.

३. गुंडाळीच्या टोकांची काळजी : दोन गुंडाळ्यांच्या मधल्या जागेत चुंबकीय क्षेत्र सरळ, पट्टीला समांतर जाते. टोकांशी मात्र ते पंख्यासारखे पसरते आणि पट्टीच्या रुंद अंगावर आडवे आदळते. तोटा सर्वांत जास्त तिथेच होतो. म्हणून टोकांजवळ चुंबकीय पदार्थाची कडी बसवून क्षेत्राला सरळ वळण लावतात.

हे उपाय नीट पाहा. प्रत्येकामागे एकच रीत आहे. तोटा नेमका कुठे होतो ते आधी मोजा, मग तिथेच इलाज करा.

आपण काय शिकलो?

ओनेस यांनी शून्य रोध शोधला आणि तो शून्य कुठे संपतो हेही त्यांनीच मोजून सांगितले. त्यांनी ६०० गाउसची गोष्ट दडवली असती, तर पुढच्या लोकांना तोच खड्डा पुन्हा लागला असता. अतिवाहक गुंडाळीतला तोटा कमी करणारे आजचे अभियंते त्यांचेच काम पुढे नेत आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे हाताच्या कामाचा मान. निळा डगला घातलेल्या मुलांनी फुंकलेल्या काचेशिवाय हे काम पुढे गेलेच नसते. आयटीआयला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे जरूर ध्यानात ठेवावे. तुमच्या प्रयोगाचे उत्तर पुस्तकाशी जुळले नाही तर ते खोडू नका. तसेच लिहा आणि असे का आले ते शोधा.

विचार करा

१. ओनेस यांनी सोने-प्लॅटिनम सोडून पारा का निवडला?
२. एमआरआयच्या गुंडाळीत जवळजवळ तोटा होत नाही, पण ट्रान्सफॉर्मरच्या अतिवाहक गुंडाळीत होतो. असे का?
३. खोलीचे तापमान ३०० केल्विन धरून २० केल्विनवर निर्माण झालेली १ वॅट उष्णता बाहेर काढायला आदर्श यंत्राला किती वॅट लागतील? वहीत करून पाहा.